घंटी, रंग आणि चाकाचा कॅन

टँकरच्या रांगेत राजाबाईंच्या दोन कळश्यांपुढं बासितचा कॅन होता. तो आणि अक्षदा बिडकीनला पोरांना कॉम्प्युटर शिकवायचे. एडिटर म्हणजे काय ते राजाबाईंना ठाऊक नव्हतं, पण रांगेत चाललेलं त्या दोघांचं भांडण ऐकण्यासारखं होतं.

“पोरं कोड लिहितात तो आपला एडिटर लई साधा वाटतो, अक्षदा. रंग टाकू त्यात.”

“साधा आहे म्हणून तर जुन्या मशीनवर पटकन उघडतो.”

“अर्धा शब्द लिहिला की उरलेला त्यानंच लिहायचा.”

“मग पोरांनी काय करायचं?”

“आणि चुकलं की घंटी.”

“तीस पोरं आहेत, बासित. दिवसभर घंट्याच ऐकायच्या का?”

“पण लोक बघून काय म्हणतील, यार? त्यात काहीच नाय.”

“लिहिता येतं ना? सोमवारी परीक्षा आहे. हात लावू नको.”

“उद्याच टाकतो मी.”

“बाबा, कॅन सरकव पुढं,” राजाबाई म्हणाल्या. “लई भारी दिसतो.”

“नवा आहे, मावशी. चाकं आहेत, तोटी आहे, किती भरला तेही बाहेरून दिसतं.”

नंबर आला. टँकरवाल्यानं पाइप सरळ लावून पाहिला, मग तिरका.

“भाऊ, तोंड बारकं हाय. पाइप जाईना, पाणी सांडायलंय. बाजूला घ्या.”

राजाबाईंनी आपली एक कळशी बासितच्या हातात दिली.

“घे. हिला तोंडच तेवढं हाय, पण मोठं हाय.”

कळशी भरली. अक्षदा रिकाम्या कॅनकडं बघत होती.

“बोल ना काहीतरी,” बासित म्हणाला.

“मी कुठं काय म्हणाले?”

“बरं, घंटी राहू दे.”

“आणि?”

“रंगाचं परीक्षा झाल्यावर बघू.”