हिला रस्ता लागत नाही

...नाही, हसा तुम्ही, हसा! पण आधी तो कठडा धरा आणि शिडीनं वर येऊन बघा, कारण तुम्हाला सांगतो, अशी गाडी अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरी नाही! लष्कराचा ट्रक आहे, लिलावातला. आणि साधासुधा नाही, डबल केबिन! दारं मोजा. चार! एरवी ह्या ट्रकला दोनच दारं असतात, पुढे ड्रायव्हर आणि साहेब, बाकीचे जवान मागे ताडपत्रीखाली. हिला मात्र मागे अजून एक सीट, अजून दोन दारं... फार थोड्या बनल्या म्हणे अशा. आणि चारही चाकांना ताकद! चिखल घाला, वाळू घाला, नदी घाला पुढे... हिला रस्ता लागत नाही! बास, हेच ते वाक्य. ह्याच वाक्यानं माझा घात केला.

मला हिचं काय करायचं होतं? चाकांवरचं घर! आत पलंग, ओटा, बाथरूम, वर सोलर, आणि जिथं डांबर संपतं तिथून पुढे प्रवास सुरू. लग्न झाल्यापासून पल्लवीला म्हणतोय, तुला स्पितीला नेतो. सकाळी तिनं उठावं, मागचं दार उघडावं आणि समोर बर्फाचा डोंगर! एवढंच हवं होतं हो मला. त्यासाठी मी कुणाकुणाला काय काय समजावलं, विचारू नका. प्रत्येक जण गाडीकडे बघायचा आणि एकच विचारायचा, "मिसळ लावणार का?" अरे, नाशकात माणसानं मोठी गाडी घेतली की मिसळच लावायची असते का?

बरं, उभी कुठं करायची? आम्ही राहतो इंदिरानगरला. सोसायटीत गाडी शिरली मात्र, चेअरमन बनियनवर खाली आले! चष्मा कपाळावर, आवाज असा नाकातून... "हे पाहा, पार्किंग चारचाकीसाठी आहे, रणगाड्यासाठी नाही." म्हटलं, काका, चाकं मोजा, चारच आहेत! ऐकेनात. शेवटी पल्लवीनंच तोड काढली. तिचं माहेर निफाडचं, द्राक्षबागायतदार माणसं. सासरे मल्हारीमामा, ह्यांचा एक तुकडा पडीक होता, टोकाला कडुनिंब. म्हणाले, आणा की इकडं. आणली! पडीक रानातून अशी डुलत डुलत आली, ढेकळं फुटताहेत, धूळ उडतेय, बांधावर निम्मं गाव उभं, आणि मी खिडकीतून ओरडतोय, बघा मामा, हिला रस्ता लागत नाही!

मग सुरू झालं काम. दर रविवारी मी आणि आमचा वेल्डर कुंदन. हा कुंदन म्हणजे माझ्याहून येडा! मी म्हणायचो खिडकी एक, तो म्हणायचा दोन. मी म्हणायचो छतावर बसायला जागा करू, तो म्हणायचा साहेब, तंदूर पण बसवू! काय ते दिवस... सांगाडा उभा राहिला, पत्रा चढला, आतून थर्माकोल, त्यावर प्लाय. पल्लवीनं पडदे निवडले. नळाला पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा मी आणि कुंदन त्या पिचकारीखाली उभे राहून नाचलोय, खोटं नाही सांगत!

आणि अशाच एका रविवारी मल्हारीमामा आले. माझं डोकं सिंकखाली, पाय बाहेर. पायांशीच बोलले बिचारे. "जावईबापू, ह्या पडीकात बाग लावायची म्हंतो. तुमच्या गाडीला वाट ठिवायची का? दोन ओळी सोडाव्या लागतील." आता मला सांगा, माणसानं काय म्हणावं? ठेवा म्हणावं! एक शब्द! पण नाही... सिंकखालून, मोठ्या तोऱ्यात, मी काय म्हणालो? "मामा, लावा बिनधास्त! हिला रस्ता लागत नाही!"

लावली की त्यांनी. आधी रोपं, मग कलमं, मग लोखंडी अँगल उभे राहिले, तारा ताणल्या, वेल वर चढले, मांडव भरला. आणि आम्ही काय केलं? आम्हाला आनंद झाला हो! सावली आली ना! कुंदन म्हणाला, "साहेब, आता उन्हात वेल्डिंग नको." आम्ही त्याच अँगलला पंखा बांधला, तारेवर टॉवेल वाळत घातले. सासूबाई चहा घेऊन मांडवाखालून वाकून यायच्या, आम्हीही वाकूनच जायचो. शिकलेला माणूस मी! अकरा फूट उंच गाडी बांधतोय आणि दर रविवारी कंबरेत वाकून तिच्यापर्यंत जातोय... एकदाही डोक्यात प्रकाश पडू नये?

असं करता करता दोन वर्षं गेली, आणि मे संपता संपता गाडी तयार. पल्लवीची रजा मंजूर, माझी मंजूर. सासूबाईंनी ताट आणलं, हळदकुंकू, हार, चारही चाकांखाली लिंबं. नारळ फुटला. पल्लवी शेजारी बसली, गॉगल लावून. मी स्टार्टर मारला आणि तुम्हाला सांगतो, काय तो आवाज! कडुनिंबावरचे कावळे उडाले! गिअर टाकला, क्लच सोडला, लिंबं फुटली फचाफच, मी मान वर केली... समोर हिरवी भिंत. उजवीकडे पुरुषभर खोल पाट, डावीकडे शेजाऱ्याची बाग, मागे विहीर. ब्रेक! आमची मोहीम एका लिंबाएवढी झाली.

खाली उतरलो. म्हटलं, मामा, एक ओळ... एकच... कापता येईल? मामा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वेलाची एक काडी हातात धरली, अंगठ्यानं तिच्यावरचा कोंब फुटायचा डोळा दाखवला. "नुकती खरड छाटणी झाली. ह्या काडीवर पुढचा माल. आन् तार बांधापासून बांधापर्यंत ताणलेली हे, मधी तोडली का पुरी ओळ बसती." मग हळूच म्हणाले, "मी इचारलं होतं तुम्हाला." ती बाग त्यांनी लेकरासारखी वाढवली होती, आणि ती तोडा म्हणायला माझी जीभ वळेना. क्रेन आणावी म्हटलं, तर क्रेन तरी येणार कुठून? कुंदन चाकातली हवा कमी करून बघू म्हणाला. अकरा फुटांतून वीतभर गेली तरी मांडवाखालून कशी जाईल रे बाबा?

मी मामांना विचारलं, बाग कधी काढतात हो? तर म्हणे, "बारा-पंधरा वर्सं चालती. मंग काढायचीच हे."

पल्लवीनं गॉगल काढला, गाडीत गेली, आपली बॅग घेऊन खाली उतरली. मला वाटलं, संपलं सगळं. पण ती आईकडे वळली. "आई, तू आणि बाबा कधी बाहेर गेला आहात?" कुठं जाणार ती माणसं? रोज फवारणी, रोज पाणी, बाग सोडून कोण जातं? सासूबाई म्हणाल्या, "बागंला कोन बघंल?" आणि तिघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. मग गाडीकडे. आत पलंग, ओटा, बाथरूम, वर सोलर...

गेले तिघं स्पितीला! पल्लवीच्या छोट्या मारुतीतून! पोहोचले पण! आणि मी इथं. सकाळी मागचं दार उघडतो, समोर वेल. पण हसू नका, काय जमलीय हो गाडी! थेंब गळत नाही, आत गारवा असा की यंव! काल सरपंच बघून गेले, परवा सुट्टीतली पोरं सहलीसारखी आली होती. मी सगळ्यांना इंजिन चालू करून दाखवतो.

आत्ता तुम्ही यायच्या आधीच मामांचा फोन आला. वारा नुसता घोंघावतोय मागे, आणि मामा लहान पोरागत ओरडतायत, "जावईबापू, लय भारी हे इकडं! बरफ हातात घेतला मी! पुढच्या वर्सी लडाखला जाऊ म्हंती पल्लवी. तुम्ही हेच ना तिथं?"

म्हटलं, "आहे की मामा. मी कुठं जातोय?"