बेलाचा पी. पी. नंबर

सुधाकर : ...तीन खिडक्या फिरलो, तेव्हा कुठे टेलिफोन ऑफिसातल्या साहेबाने हा तपशील काढून दिला. चष्मा लाव आणि नीट बघ.

लतिका : मला बघायची गरज नाही. पहिलं जास्तीचं बिल आलं तेव्हाच मी म्हटलं होतं. तळमजल्यावरच्या बेलाशिवाय आपल्या फोनला बाहेरचं कोणी हात लावत नाही.

सुधाकर : तेव्हा मला पटलं नव्हतं. आता पटलं. जास्तीचे सगळे फोन एकाच नंबरला गेलेत. 'मैत्री गप्पा.' खाजगी कंपनी आहे. फोन लावला की पलीकडून कोणीतरी गोड गोड बोलतं आणि इकडे मिनिटागणिक पैसे चढतात.

लतिका : शी. आणि ते आपल्या बिलात कसे?

सुधाकर : कंपनी यादी पाठवते, टेलिफोन ऑफिस ती बिलात घालतं. साहेब म्हणाला, आम्ही नुसते वसूल करतो, तुम्ही घरातल्यांना विचारा. वर माझ्याकडे बघून हसला.

लतिका : हसणारच. मीसुद्धा मध्यंतरी तुमच्यावर नजर ठेवून होते.

सुधाकर : माझ्यावर?

लतिका : बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसायचात ना, तेव्हा मी आतून कान देऊन असायचे. ते जाऊ दे. पुढचं सांगा.

सुधाकर : पुढचं म्हणजे तारखा. या दुसऱ्या बिलातले सगळे फोन गणपतीतले आहेत. आपण देवरुखला, घराला कुलूप. आणि किल्ली कोणाकडे होती?

लतिका : सत्यवतीबाईंकडे. तुळशीला पाणी घालायला.

सुधाकर : म्हणजे बेलाकडेच. तिची आई काय, वर येऊन पाणी घालून खाली जाणार. मुलीला मात्र अख्खं घर मोकळं. आणखी काय पुरावा हवा? मी आजच त्या बाईंना स्पष्ट सांगतो, शेजारचा पी. पी. नंबर म्हणून आमचा नंबर आता कुणाला देऊ नका. तुमच्या मुलीचे निरोप घ्यायचे आम्ही, आणि वर... लतिका, काय झालं?

लतिका : गणपतीतले? सगळे?

सुधाकर : वाच ना. आपण निघालो त्याच संध्याकाळपासून. परत आल्यावर एकही नाही.

लतिका : अहो, फोन घरात नव्हता.

सुधाकर : म्हणजे?

लतिका : तुम्ही रिक्षा आणायला गेलात तेव्हा मी वायर काढली आणि फोन पेटीत घातला. साड्यांच्या खाली. दरवर्षी किल्ली देतो, यंदा नाही दिली तर वाईट दिसलं असतं. आणि किल्ली द्यायची तर फोन मोकळा ठेवायला मन घेईना.

सुधाकर : तू आपला फोन देवरुखला नेलास?

लतिका : नेला आणि आणला. आल्यावर तुम्ही आंघोळीला गेलात, तेव्हा परत लावून टाकला.

सुधाकर : म्हणून पेटीला हात लावू देत नव्हतीस. पाच वर्षं नंबर लावून मिळालेला फोन, एसटीत खालीवर आपटत... बरं, मग तिने दुसरा फोन आणून जोडला असेल.

लतिका : कुठून आणेल? घरात फोन असता तर त्या माणसांनी स्थळाच्या कागदावर आपला नंबर कशाला दिला असता?

सुधाकर : मग हे फोन केले कोणी?

लतिका : कोणीच नाही. त्या कंपनीने मनाला येईल तसे लिहून पाठवले. पहिल्या बिलातलेही तसेच असणार.

सुधाकर : चोर लेकाचे. उद्याच अर्ज देतो. चला, बेलाचं तरी मिटलं. मी उगाच बोलणार होतो त्या बाईंना.

लतिका : मी बोलून बसलेय. त्यांना नाही, आगाशीच्या लोकांना.

सुधाकर : कुठल्या आगाशीच्या?

लतिका : बेलाला बघून गेले ते. मुलाच्या आत्याचा फोन आला होता, कमळीबाईंचा. म्हणाल्या, मुलगी पसंत आहे, निरोप द्या. मग विचारलं, तुम्ही शेजारच्या, तुम्हाला मुलगी कशी वाटते?

सुधाकर : काय सांगितलंस?

लतिका : पहिलं बिल त्याच दिवशी हातात पडलं होतं.

सुधाकर : लतिका, काय सांगितलंस ते सांग.

लतिका : म्हटलं, मुलगी कामसू आहे, पण फोनवर कोणाशी तासन् तास बोलते ते आधी विचारून घ्या. त्या बरं म्हणाल्या आणि ठेवला.

सुधाकर : आणि सत्यवतीबाईंना निरोप?

लतिका : नाही दिला. त्या विचारायला येतात, मी नाही आला म्हणते.

सुधाकर : हे बघ, आता गप्प बसायचं. आपण बोललो नाही तर कुणाला कळणार आहे? स्थळं येतात, जातात.

लतिका : तुमच्या बहिणीचं मोडलं तेव्हा असं म्हणाला होतात का?

(दारावर थाप.)

सत्यवती : वहिनी, हाय का घरात? भाऊ पन आज लवकर आले वाटतं. कोनाचा फोन बिन?

सुधाकर : नाही हो. आला की कळवू.

लतिका : थांबा, सत्यवतीबाई. आत या.

सत्यवती : बसत नाय. भात ठेवलाय खाली.

लतिका : फोन आला होता. आगाशीचा, गणपतीच्या आधी.

सत्यवती : आनि तुम्ही आता सांगता?

लतिका : त्यांना बेला पसंत होती. मी मोडता घातला. आमच्या बिलात खोटे फोन लागले होते. मला वाटलं बेलाने केले, आणि मी तसं त्यांच्या कानावर घातलं. आज कळलं, त्यातला एकही तिचा नव्हता.

सत्यवती : भाऊ, काय बोलतात या?

सुधाकर : खरं आहे. त्या कंपनीची लबाडी आहे. आम्ही उद्या अर्ज देतोय.

सत्यवती : अर्जाचं तुमचं तुम्ही बघा. वहिनी, फोन लावा त्यांना. आता, माझ्यासमोर.

लतिका : लावते... हॅलो, कमळीबाई आहेत का? मी आचोळ्याहून लतिका. बेलाच्या शेजारची. मी मागे जे सांगितलं ते चुकीचं होतं. तुम्ही कृपा करून... हो... कधी?... असं होय. नाही, तिचा काहीच दोष नव्हता, एवढं तरी घरात सगळ्यांना सांगा. बरं. ठेवते.

सत्यवती : ठरलं त्यांचं दुसरीकडं.

लतिका : रविवारी साखरपुडा झाला. मुलगी बोळिंजची आहे.

सत्यवती : बरं.

लतिका : मला बोला काहीतरी.

सत्यवती : काय बोलू? तुम्ही जिन्यात मला सहज विचारलं होतं, बेला कोनाशी बोलते का म्हनून. मी घरी जाऊन तिला देवापुढं उभी केली. माझ्या गळ्याला हात लावून म्हनाली, आई, मी नाय बोलत कोनाशी. तरी मी तिची पर्स तपासायची. कामावरनं यायला उशीर झाला की नाक्यावर जाऊन उभी राहायची. तवापासनं ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. मी आई असून तिचं खरं नाय मानलं, तुम्ही तर शेजारच्या, वहिनी.

लतिका : मी येते तुमच्याबरोबर खाली. मी सांगते तिला सगळं.

सत्यवती : चला. ती येलच आता. आधी कोन बोलनार, तुम्ही का मी?