अर्धंच सांगितलेलं

हॅलो?… हां ताई, बोल… नाही गं, कामात कसली… म्हणजे आहे, पण तू बोल. थांब, हातमोजे काढते… हं. काय म्हणाले डॉक्टर?

पुढे ढकलला?… परत?… अगं, मागच्या मंगळवारीही पुढेच ढकलला ना केमोचा डोस!… वजन किती भरलं?… किती?… काट्यावर नीट उभी होतीस ना?… बरं, बरं. एकोणचाळीस.

आणि पुढच्या मंगळवारी?… भरलं नाही तर?… 'मग विचार करू' असंच म्हणाले? कसला विचार ते विचारलं नाहीस?… ताई, उपचार थांबवायचा विचार असतो तो. दुसरा कसला असणार!

तू हसतेयस का?… नाही, मला ऐकू येतंय, हसतेयस तू… 'चांगलंच चाललंय' म्हणजे? काय चांगलं चाललंय?… कसली गंमत?… हे बघ, शपथ-बिपथ काही घालू नकोस. भावजींना सांगायचं की नाही ते माझं मी बघेन. तू आधी बोल.

…

किती दिवस?

तेवीस?… आणि फक्त पाणी?… म्हणजे रात्री दोन घास भावजींसमोर, आणि मग दुसऱ्या रात्रीपर्यंत काहीच नाही?… आणि बुधवारी, शनिवारी भावजींची रात्रपाळी, म्हणून तेही नाही?… अगं, मग भावजी कामावर जाताना तुझं झाकून ठेवून जातात, ते?… मांजराला?… जिन्यातल्या त्या मांजराला?… तरीच. परवा भावजीच म्हणत होते, मांजर कसं गोल गरगरीत झालंय म्हणून… नाही, हसत नाहीये मी. हसायचं काय आहे त्यात.

कोणी भरवलं तुझ्या डोक्यात हे?… नाही, नाव सांग. शेजारची ती काढेवाली का? आत्ता जाते आणि चांगली हजामत करते तिची… मग कोण?

काय?

मी?

मी कधी?… वाचनालयात?… हो, बोलले होते. पंचवीस-तीस माणसं होती. तू पहिल्या रांगेत… रेकॉर्ड केलंस?… रोज ऐकतेस?… लाव बघू. लाव ना… हं… हं… 'भूक लागली की पेशी घर झाडायला काढते. मोडकंतोडकं, कुजकं सगळं गोळा करते, स्वतःचंच स्वतः खाते आणि त्यातून नवं करून वापरते. ही झाडझूड थांबली की कचरा साठतो, आणि कचऱ्यातच गाठीचं बी रुजतं'… बंद कर. बंद कर गं ते, पुरे.

हो. माझाच आवाज आहे… नाही, खोटंही नाहीये… हो, टाळ्याही वाजल्या होत्या. जळल्या मेल्या त्या टाळ्या.

ताई, ऐक. ते गाठ व्हायच्या आधीचं आहे. आधीचं!… आणि तेव्हासुद्धा उपाशी राहा असं मी कुणाला सांगितलं नव्हतं… हो, हो… अगं ऐक ना. गाठ एकदा झाली की गोष्ट उलटते. कशी म्हणजे?… कशी सांगू तुला…

तुला ती थंडी आठवते? बाबा तिकडे आजारी पडले होते आणि इकडे आईला पंधरा दिवस सरपण मिळालं नव्हतं?… हां, तीच. आईने काय काय घातलं शेगडीत?… आधी मोडका स्टूल. मग खिडकीची फळी… हो, आणि माझा पाळणा. तोडताना तूच धरला होतास ना?… घरातलंच जाळून आपण तगलो. बरोबर?… तर गाठ तेच करते, ताई. तिच्या आतपर्यंत धड रक्त पोचत नसतं, ती पहिल्यापासून उपासाला सरावलेली. तिला उपाशी ठेवलं की ती आपलेच पाळणे मोडते, जाळते आणि तगून राहते. उपास सोसत नाही तो तुला. तुझे दंड बघ, मांड्या बघ.

कशावरून म्हणजे? मी रोज बघते ना डोळ्यांनी! आत्ता इथे प्रयोगशाळेत समोर काचेच्या दोन ताटल्या आहेत. दोन्हींत गाठीच्याच पेशी, दोन्हींचं खाणं मी तोडलेलं. एकीत ती झाडझूड आम्ही बंद पाडली होती, त्यातल्या मेल्या. दुसरीतल्या… दुसरीतल्या आहेत अजून. बारीक झाल्यात, पण आहेत. काल सकाळी थेंबभर खाणं दिलं, तर आज वाढायला लागल्या.

… तुझ्यातली बंद करायची?… नाही गं, तसं सोपं नाही. औषधं तपासून बघताहेत लोक, पण ताटलीत होतं ते माणसात होतंच असं नाही. चांगल्या पेशींनाही ती झाडझूड लागतेच ना… नाही, मी तुला खोटी आशा लावणार नाही. आता तर नाहीच.

…

हो. विचार. विचारच तू.

… हे सगळं तेव्हा का नाही बोलले?

… वेळ संपला होता.

…

नाही, ताई. वेळ संपला नव्हता. वीस मिनिटं होती हातात. चार चित्रं उरली होती, गाठ झाल्यानंतरची. तू पहिल्या रांगेत बसली होतीस. अंगावर ती निळी शाल. आठच दिवस झाले होते तुझा रिपोर्ट येऊन. चौथ्या चित्रावर लिहिलं होतं, गाठ कशी तग धरते. ते मी तुझ्या तोंडासमोर भिंतीवर दाखवू?… नाही झालं माझ्याच्याने. मशीन बंद केलं आणि म्हटलं, वेळ संपला. मला वाटलं, एका दिवसापुरतं तरी तुला बरं वाटू दे… करायला गेले एक…

शिव्या दे हवं तर, ताई.

काय म्हणालीस?… मोठ्याने बोल, ऐकू नाही आलं.

…

'मग तेवीस दिवस मी जगवलं कुणाला?'

… माहीत नाही मला. खरंच माहीत नाही. कदाचित तिला काहीच फरक पडला नसेल. पण तू झिजलीस, आणि दोन डोस हुकले, एवढं नक्की… रडू नकोस. रड, रड. मीपण रडतेय… नाही, इथे कोणी नाही, सगळे बाहेर जेवताहेत.

ऐक. डॉक्टरांना आत्ता फोन कर, तेवीस दिवसांचं सगळं सांग… तुला लाज वाटते ना? मग मी करते. त्यांना वाटतंय आजारच वजन खातोय, त्यांना खरं कळायला नको?… भावजींनाही सांगायचं… रागावतील. रागावू देत. माझ्यावर ढकल.

आणि खायचं एकदम नाही हं. इतक्या दिवसांनी पोटावर मारा नको, किती आणि कसं ते डॉक्टर सांगतील. पण आत्ता थोडं काहीतरी घे. जवळ काय आहे?… केळं? सोल… फोन ठेवू नकोस! मला ऐकायचंय… हो, मांजराला देशील म्हणूनच. आता विश्वास कसा ठेवू सांग?… लहानपणी तू मला भरवायचीस आणि म्हणायचीस, 'आ कर, गिळलंस का दाखव.' मी गालात ठेवायचे ना… हं, मग. मी आता तेवढंच करतेय.

चाव… हळू… गिळलंस?… मळमळतंय? थांब जरा. श्वास घे. मी आहे… हं, आता परत… येतोय आवाज, येतोय.

संध्याकाळी येते मी. ती चारही चित्रं घेऊन येते… नाही, एकही गाळणार नाही. चौथंसुद्धा.

… किती झालं?… अर्धं?… उरलेलं उद्या?

नाही, ताई. अर्ध्यावर सोडल्याने काय झालं बघतेयस ना. कितीही वेळ लागू दे.

चाव. मी ऐकतेय.