पुस्तकं आमची, यादी कोणाची?

सॉफ्टवेअर निवडणं काय भानगड असते, ते मले विचारा. समुद्रपूरच्या आमच्या छोट्या वाचनालयात मी ग्रंथपाल. पुस्तकांची नोंद अन् देवघेव संगणकावर करायची ठरली, तर नागपूरहून एक विक्रेता आला. दर वर्षी थोडे पैसे भरायचे, बस. आमचे अध्यक्ष वानखेडे सर लगेच सही करायले तयार.

मी विचारलं, "एखाद्या वर्षी पैसे नाई भरले तर?"

"मग बंद होईल, मॅडम."

"अन् आम्ही भरलेली पुस्तकांची यादी?"

"ती आमच्याकडेच राहते. परत मिळत नाही."

"म्हणजे पुस्तकं आमची अन् यादी तुमची? नाई जमत."

तो गेल्यावर सर चिडले. "बाई, इतकं स्वस्त काऊन सोडलं?"

"सर, फुकटचंही सॉफ्टवेअर मिळते. त्यात यादी आपल्याच संगणकात राहते. शिकते मी. तुम्ही फक्त जुन्या रजिस्टरातली नावं वाचा."

सर खरंच रोज यायले लागले. ते वाचायचे, मी टाइप करायची. बोटं दुखली, चुका झाल्या, पण उन्हाळाभर आम्ही हटलो नाई. यादी पूर्ण झाल्यावर कपाटाशी ताडून पाह्यली, तर तीन पुस्तकं गायब!

"कोणं नेली असतील, सर?"

सर रजिस्टर मिटून घरी निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन आले अन् हळूच म्हणाले, "बाई, हे तीन जमा करून घ्या. लई वर्षांपासून माह्या घरी होते."

आमच्या संगणकातली पहिली जमा नोंद अध्यक्षांच्या नावावर आहे.