जोशीकाकूंची बग्गी

अगं, बर्फाचं कौतुक मला सांगूच नकोस, मी जोशीकाकूंना बग्गी चालवताना पाहिलंय. इंग्लंडात बेसिंगस्टोक गावाच्या बाहेर त्यांचं घर, गेटपासून दारापर्यंत लांबलचक चढ. काकूंनी सत्तरीत बागेसाठी चार चाकांची, इंजिनावर चालणारी छोटी बग्गी घेतली. तिला पुढे बर्फ लोटायचं पातं आणि मागे बर्फ वितळवायला मीठ पसरायचा डबाही लावून घेतला. काका येईल त्याला सांगायचे, "इथे बर्फ पडतो कधी? हौस, दुसरं काय."

नेमका काकूंच्या हळदीकुंकवाच्या दिवशीच पडला. आम्ही बायका गेटपाशी गाड्यांत अडकलो. काकांचा फोन आला, "चढावर सगळं घसरतंय. परत जा, पुढच्या रविवारी करू."

ते बोलत असतानाच वरून घरघर ऐकू आली. नऊवारीवर काकांचं जॅकेट, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी वेलीज, आणि काकू शांतपणे बर्फ कडेला लोटत खाली येत होत्या. गेटपाशी वळल्या आणि मीठ पसरत वर निघाल्या. आम्ही मागोमाग.

दारात काका फावडं घेऊन उभे. काकूंनी जॅकेट त्यांच्या हातात दिलं. "अंगण झाडलं, सडा घातला. आता रांगोळी तेवढी तुम्ही काढा."

काकांनी काढली. वाकडी आली, पण तिच्यावर कुणी पाय दिला नाही.