काचेवरचा आकडा

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं ट्रिना, मोठ्यानं बोल! मागे कोण भोंग्यातून ओरडतंय?… हं, आता येतंय ऐकू. मैदानावर आहेस, ठाऊक आहे मला. सीझनची शेवटची शर्यत सोडून तू जाणार कुठे, चर्चच्या भरतकामाला?

गुडघा?… गुडघा मस्त. नवा आहे ना, बारा दिवसांचा. दर दोन तासांनी रडतो तान्ह्या बाळासारखा… नाही गं, खुर्चीतच बसलेय. शेजारची आर्डिथ आलीय, कॅसरोल घेऊन… बटाट्याचं. वर वेफर्स चुरून घातलेत… अजून नाही खाल्लं. ती माझ्याकडेच बघतेय. मस्त झालंय हं आर्डिथ, वासच इतका छान आहे!

बोल. नुसता गुडघा विचारायला तू फोन करत नाहीस… ‘समजा’?… समजा काय?… समजा एखाद्या बाईनं सुपरचार्जरची पुली बदलून लहान बसवली… कोण ही बाई?… ‘सहज विचारतेय’? ट्रिना, एकतीस वर्षं मी लोकांचे मोडलेले गिअरबॉक्स उघडलेत. ‘सहज विचारतोय’ म्हणणारा प्रत्येक माणूस मागच्या सीटवर दांड्याचे दोन तुकडे घेऊन यायचा.

माझ्या गाडीला बसवलीस?

…

कधी?… गुरुवारी. म्हणजे मी इथे पाय वर करून पडलेय आणि तू गॅरेजमध्ये… नाही, ओरडत नाहीये. हा माझा नेहमीचाच आवाज आहे… आर्डिथ, बस तू, काही झालेलं नाही. माझ्या पोरीनं इंजिनात हवा कोंबणारा पंखा आणखी जोरात फिरवलाय. हवा जास्त, इंधन जास्त, ताकद जास्त. आणि अक्कल होती तेवढीच.

ऐकतेय. बोल… इंधनाच्या पिचकाऱ्या मोठ्या घातल्यास?… हं… इंजिनाचा संगणक त्या हिशोबानं लावून घेतलास?… गार पाण्याच्या टाकीत बर्फ?… प्रत्येक फेरीआधी? बरं. शहाणी आहेस… नाही, मनापासून म्हणतेय. इंजिनाचं सगळं अगदी बरोबर केलंस. आता मागचं सांग. गिअरबॉक्सपासून चाकांपर्यंत काय बदललंस?

…

काहीच नाही.

अगं बाई, करून गेलं गाव आणि भलत्याचंच नाव! चढतं इंजिन, मार खातो दांडा. एवढी ताकद जाणार कुठे? रस्त्यावरच ना? आणि रस्त्यावर जायची वाट एकच, चाकांच्या त्या दोन दांड्यांमधून. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना… आणि इथे तर गुडघासुद्धा कालपरवाचा.

काय?… आवाज आला? कसला आवाज?… आता, उपांत्य फेरीत… अगं मग हे आधी सांगायचं! मी कॅसरोलचं काय कौतुक करत बसलेय! टक्, का खडखड?… एकच टक्. सुटताना की पाय काढल्यावर?… सुटताना. आणि मागचा भाग उडत होता का, बेडकासारखा?… थोडासा. हं… नाही, घाबरू नकोस. घाबरायचं की नाही ते मी सांगते, थांब.

गाडी ठोकळ्यांवर घेतलेली आहे ना?… छान. आता फोनचा दिवा लाव आणि खाली डोकाव. मागच्या दोन्ही चाकांकडे जाणारे दांडे दिसतात? त्यांच्यावर मी पांढरी रेघ ओढून ठेवलीय, या टोकापासून त्या टोकापर्यंत… ती शोभेची नव्हती, बाळा. दांडा पिळला की रेघ वळते. लोखंड खोटं बोलू शकतं, रेघ नाही… डावा सांग आधी… सरळ. उजवा?… ट्रिना, उजवा… वळलीय. किती? बोटभर?… मग? नीट बघून सांग… मक्याच्या दाण्याएवढी.

हं.

…

आहे मी, आहे. विचार करतेय. मधला लांब दांडा हातानं हलवून बघ, सांध्यात ढिला आहे का… नाही. त्याच्याखालचं लोखंडी कडं जागेवर आहे?… बोल्ट घट्ट? हात लावून बघितलास की नुसतं ‘हो’?… बरं.

तर ऐक. अगं ऐक ना, मधे बोलू नकोस. उजवा दांडा पिळलाय, पण मोडलेला नाही. आतासारखीच सुटलीस, तर पुढच्या वेळी मोडेल. मोडला तर गाडी जागेवर बसेल, तुला काही होणार नाही. पण तुटलेलं टोक आतल्या गिअरचे दातसुद्धा खाऊन जाईल, आणि मग ही गाडी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गॅरेजमध्ये. घरी आणलीस तर मी तुला एक शब्द बोलणार नाही… बरं, दोन-तीन शब्द बोलेन. आता तू सांग. पळवायची आहे?

…

मला वाटलंच. समोर कोण आहे?… व्हर्जिल! हॉस्टेटलरांचा व्हर्जिल? तो अजून तोच हिरवा पिकअप पळवतो?… तेरा-साठ. अजूनही तेरा-साठ! घड्याळ गिळून बसलाय तो म्हातारा. शाळेची बस चालवायचा तेव्हाही असाच. सात-बारा म्हणजे सात-बारा, पोरगं दारातून धावत येताना दिसलं तरी सात-तेरा नाही.

काय म्हणतेस आर्डिथ?… नाही गं, इथे सगळ्यात वेगवान गाडी जिंकत नाही. आपली गाडी किती सेकंदांत पोचेल, ते बुटाच्या पांढऱ्या पॉलिशनं आधीच काचेवर लिहायचं. व्हर्जिलची तेरा सेकंद आणि वर साठ शतांश. माझी अकरा आणि वर चाळीस. जेवढा फरक, तेवढे सेकंद हळू गाडीला आधी सोडतात. आणि लिहिल्यापेक्षा लवकर पोचलात, तर हरलात… वेडेपणा कसला? नाहीतर त्या भाजीच्या पिकअपनं माझ्या गाडीशेजारी उभं राहायची हिंमत केली असती का?

थांब. थांब, थांब. ट्रिना. काचेवर काय लिहिलंयस तू?

…

अकरा-चाळीसच?

अगं पण पुली बदलल्यावर गाडी अकरा-चाळीसला कशी येईल? सकाळी सरावात किती आली?… दहा-नव्वद! अर्धा सेकंद! मग तीन फेऱ्या जिंकलीस कशा?… शेवटी ब्रेक मारून. दोनदा. आणि तिसऱ्या वेळी समोरचाच हिरवा दिवा लागायच्या आधी सुटून बाद झाला. म्हणजे जीव जाईस्तोवर ताकद वाढवायची आणि रेषेपाशी ब्रेक मारून ती फेकून द्यायची! ते व्हर्जिलपुढे चालायचं नाही. तो आरशात बघत असतो. तू ब्रेक मारलास की तोही मारेल, आणि त्याचा ब्रेक तुझ्यापेक्षा पन्नास वर्षं मुरलेला आहे.

आकडा का नाही बदललास?… काय?… परत सांग, तो भोंगा मधे आला.

…

कारण ते माझं अक्षर आहे.

…

नाही, फोन चालू आहे. जरा पाणी पितेय… हो, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मीच लिहिला होता. म्हटलं, मी नसले तरी गाडीला आपला आकडा माहीत असावा. चारचं वरचं तोंड उघडं… तुझी आजी असाच काढायची चार.

ऐक ट्रिना. खरं सांगते, मला वाईट वाटतंय. लपवत नाही. नऊ वर्षं ती गाडी म्हणजे अकरा-चाळीस आणि अकरा-चाळीस म्हणजे मी. पण आता ती गाडी अकरा-चाळीसची राहिली नाही ना! तू तिला दुसरी केलीस. आणि चांगली केलीस, नुसतं मागचं विसरलीस. दुसऱ्याचा आकडा लावून गाडी पळवायची म्हणजे शेवटी ब्रेकच मारावा लागतो. पुस तो… अगं पुस म्हणतेय ना! मी गेलेय का कुठे? गुडघा बदललाय, मेले नाहीये!

हां. आधी चाकं. हवा किती आहे?… चौदा? म्हणूनच. ते चिकट रबर रस्ता असं धरतं की सुटायला जागाच नाही, मग सुटतो तो दांडा. सतरा कर. मागच्या चाकांना किंचित घसरू दे; घसरलं तर वेळ जातो, दांडा नाही जात. पाण्यात चाकं फिरवून तापवशील ना, तेव्हा ती फिरत असताना कोरड्यावर यायचं नाही. फिरतं चाक कोरड्यावर धरलं की तिथेच सगळं संपलं. पाय काढायचा, मग पुढे यायचं. सुटताना ब्रेकवर उभं राहून इंजिन चढवायचं नाही. नुसता ब्रेक सोड आणि पाय असा दाब, जसं… जसं आर्डिथच्या कुत्र्याच्या शेपटीवर चुकून पडलाय. अलगद. गाडी हलली, वजन मागे बसलं, दुसरा गिअर पडला, मग दे काय द्यायचं ते. तेव्हा दांड्याला झटका बसत नाही, नुसता भार येतो. भार तो सोसेल. झटका नाही. आणि मागचं परत उडायला लागलं तर?… बरोबर. पाय काढायचा, फेरी गेली तर गेली.

आता आकडा… मी नाही सांगणार… नाही म्हणजे नाही! आज चार वेळा पळवलीस तू ती. मी इथे वेफर्स मोजत बसलेय. पूर्ण जोरानं दहा-नव्वद. अलगद सुटलीस तर किती जाईल, ते तुझ्या बुडाला माहीत, माझ्या नाही… डोळे मिट, फेरी मनात पळव, आणि जो येईल तो लिही… किती?… अकरा-अठरा. का?… ‘वाटतंय’. छान. यापेक्षा चांगलं कारण मला एकतीस वर्षांत सापडलं नाही.

जा, बोलावतायत तुला. फोन ठेवू नकोस, कुणाच्या तरी हातात दे, मला आवाज ऐकायचाय… दे, दे… हॅलो? कोण?… नॉर्मा! अगं तू? तुझा नवरा एका गाडीत, माझी पोरगी दुसरीत, आणि फोन तुझ्या हातात! लाज नाही वाटत?… मलाही नाही… बरा आहे गुडघा. सगळ्यांना गुडघ्याचंच पडलंय… काचेवर काय दिसतंय ते सांग… अकरा-अठरा. अक्षर?… गिचमिड. तिचंच ते.

आता गप्प बस, नॉर्मा. फोन वर धर.

…

तो व्हर्जिल सुटला… हो, ऐकला, शिवणयंत्रासारखा… आता अडीच सेकंद तिला उभं राहायचंय. उभं राहा, बाळा… राहा…

…

अलगद!… शाबास… टक् नाही. नाही ना? नॉर्मा, टक् नाही झालं!… आता ऐक, ती शिट्टी ऐकतेस? पंख्याची शिट्टी… अगं आर्डिथ, माझा हात सोड, बोटं मोडशील… ब्रेक नाही मारला. नाही मारला! शेवटपर्यंत पाय खाली!

काय झालं? नॉर्मा? पाटीवर काय आलं?… बोल ना! कुणाचा दिवा लागला?…

व्हर्जिलचा.

…

बरं. तो किती?… तेरा-एकसष्ट. आणि ती?

…

अकरा-अठरा?

अकरा-अठराच? नीट वाच, चष्मा लाव… अठरा. आर्डिथ! अकरा-अठराच लिहिलं आणि अकरा-अठराच आली!… मग हरली कशी?… सुटायला उशीर. हिरवा दिवा लागल्यावर पापणीएवढी थांबली… थांबणारच. मीच अलगद म्हटलं होतं ना. कर, कर नाच, तुझा नवरा जिंकलाय. त्याला सांग, तो दिव्यावर जिंकला, आकड्यावर नाही! आणि पुढच्या सीझनला पाय घेऊन… बरं, एक पाय घेऊन येतेय म्हणावं.

आली का ती? दे तिच्याकडे… ट्रिना! रेघ बघितलीस? आधी रेघ!… वाकून बघ, मी थांबते…

तेवढीच? मक्याचा दाणाच? वाढली नाही?… अगं मग रडतेस कशाला! हरलीस म्हणून?… कशावर हरलीस, दिव्यावर. ते डोळ्याचं काम, ते जमतं. आकडा जमत नाही. नऊ वर्षांत मला बरोब्बर आकडा तीनदा आला… तीनदाच. जास्त सांगत होते ते खोटं होतं… तू पहिल्याच झटक्यात आणलास. लहान पुली, पिळलेला दांडा, आणि तरी. मला अभिमान वाटतोय तुझा. हे पुन्हा म्हणणार नाही, लक्षात ठेव.

हो, ये. सावकाश चालवत ट्रेलरवर चढव. सोमवारी नवे दांडे बघू, जाडजूड… हो, पुली राहू दे. आता ती गाडीचीच झाली… कॅसरोल? आहे की, सगळंच आहे… हळू बोल, ती ऐकतेय… चल, ठेवते.

ट्रिना! अगं थांब, ठेवू नकोस… माझा आकडा कशानं पुसलास?… लाल फडक्यानं. ते टाकलंस का कचऱ्यात?… नाही ना? टाकू नकोस. घरी आण… कशाला म्हणजे? काच पुसायला! फडकी काय झाडाला लागतात?… आण म्हटलं ना. आणि धुऊ नकोस ते.

ठेव आता.