तीन नंबरची कॉफी

—मंगळवारच होता. आमच्याकडे दर मंगळवारी चव घ्यायचा दिवस असतो, म्हणजे असायचा, म्हणून वार पक्का लक्षात आहे. साडेअकराला फोन आला. गिऱ्हाईक नव्हतं, मी बरण्यांवरची धूळ पुसत होते. वजनकाटे तपासून शिक्का मारून देतात ना, त्या कचेरीतला कारकून. म्हणाला, तुमच्या दुकानाचा काटा इथे आहे, न्यायला कोणी येईल का? मी म्हटलं, अहो, काटा घेऊन आमचे हेच आलेत, त्यांच्याकडेच द्या. मग म्हणाला, बाई, तुम्ही आधी बसून घ्या. — आता काट्याचं आधी का बोलला? मी पुष्कळ विचार केला त्यावर. सोप्याकडून सुरुवात केली असणार बिचाऱ्याने. मीही शाळेत शिकवत होते तेव्हा वर्गात तेच करायचे, सव्वीस वर्षं. हे तिथे बाकावर रांगेत बसले होते, मांडीवर काटा, नंबर पुकारला तरी उठले नाहीत. एवढंच. आठ महिने झाले. — नाही नाही, उठताय कशाला, बसा. तुम्ही विचारलंत काय, तीन नंबर म्हणजे कुठली, आणि मी कुठून सुरुवात केली बघा.

तर बाहेरची ती पाटी माझ्या मुलाने लावलीय. ‘बाबांची शेवटची निवड — तीन नंबर — लवकरच’. लेबलंही छापून आणलीत. ते खोकं आहे ना तुमच्या पायाशी, तेच. पाय ठेवलात तरी चालेल. पण कॉफी आलेली नाही. तोवर दुसरी न्या की. कोणासाठी हवीय? — सासऱ्यांसाठी. बरं. दूध घालून पितात की काळी? — माहीत नाही? लग्नाला किती वर्षं झाली? — नऊ. असू दे. हे बघा, या बरणीतली अरेबिका. बी लांबट आहे, मधली रेघ जराशी वळलेली, दिसली? ही उंचावर होते, हळू पिकते, तिला आंबटसर अंग असतं. काळी पिणाऱ्याला द्यावी. ही दुसरी रोबस्टा — गोल, ठेंगणी, रेघ सरळ. कडू, जाड, दुधाला हार न जाणारी. आणि ही वाटाण्यासारखी दिसते ती पीबेरी. एका फळात दोन बिया असतात, एकमेकींना पोट लावून, म्हणून त्यांची एक बाजू सपाट. क्वचित एकटीच असते, ती मग सगळीकडून गोल होते. लोक तिला जास्त भाव देतात. एकटं राहण्याचा कोणाला तरी फायदा होतो म्हणायचा. — हसा, हसा, हे माझं वाक्य नाही, ह्यांचंच आहे. दर गिऱ्हाइकाला ऐकवायचे. 

मला विचाराल तर मला काही फरक कळत नाही. मी चहा पिते. खरंच. कॉफीच्या दुकानात बसून चहा पिते, तिथे पडद्यामागे. बियांचा आकार ओळखते, कारण आकार डोळ्यांना दिसतो. चवीचं मात्र ह्यांच्याकडे. पेला नाकाशी धरायचे, चमच्याने असा भुरका मारायचे की शेजारचा शिंपी तिकडून ओरडायचा, ‘झालं का हो दात घासून?’ मग डोळे मिटायचे आणि म्हणायचे — ओली माती. संत्र्याची साल. एकदा म्हणाले, नवीन पुस्तकाची बांधणी. मी म्हटलं, खाल्लीत कधी? तर रुसले. रुसले म्हणजे दुपारचं जेवण होईपर्यंत. त्यांना त्याहून जास्त वेळ रुसता यायचं नाही.

आता त्या मंगळवारचं सांगते. वर्षाची खरेदी ठरवायची असली की मळेवाला त्याच्या पाच मळ्यांचे नमुने पाठवतो, पाच पुड्या. मी आत जाऊन पाच कप करायचे, कपाच्या बुडाला नंबर चिकटवायचे, कुठल्या नंबरात काय ते माझ्या वहीत लिहायचे, आणि कप बाहेर आणून मांडायचे. ह्यांना काही माहीत नसायचं. चव घेऊन ते कागदावर शेरा लिहायचे, मग मी वही उघडायचे. बावीस वर्षं हेच. माझं काम काय, तर पर्यवेक्षक. — पण त्याच्या आधीच्या रविवारी काय झालं, माझी बहीण आणि मेहुणे आले होते, आणि हे त्यांच्यासमोर म्हणाले, हिला कशात काय घातलंय ते कळत नाही, गरम असलं की पुरे. सगळे हसले. मीही हसले. भांडी घासताना मात्र मला ते पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. मी कोणाच्या पेपरात नक्कल आहे ते दुसऱ्या ओळीला ओळखणारी बाई. मनात म्हटलं, बरं. बघू तुम्हाला तरी किती कळतं.

मळेवाल्याच्या पुड्या मी फोडल्याच नाहीत. पाचही कप या मोठ्या बरणीतले केले. — हो, हीच, रोजची. अर्धी अरेबिका, अर्धी रोबस्टा, जी शेजारचा शिंपीसुद्धा नेतो. एकाच किटलीतलं पाणी, एकच मोजमाप. पाच नंबर चिकटवले आणि नेऊन ठेवले. ह्यांनी बाह्या सरसावल्या. आणि लिहिलं. कागद आहे माझ्याकडे, मला पाठ आहे. एक — पातळ. दोन — बरी, पण शेवट तुरट. तीन — सुकं अंजीर, घशाखाली गेल्यावर गोडवा राहतो, हीच घ्यायची. चार — दोरखंड. पाच — परत मागवू नये. मी समोर उभी. आतून हसू इतकं दाटलं होतं की पदर तोंडाला लावला. म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, शिंक. त्यांनी घड्याळ बघितलं, काटा उचलला, म्हणाले, आलोच शिक्का मारून, आल्यावर वही दाखव, आणि त्या तीन नंबरला धुऊ नकोस, गार झाल्यावर परत चाखायचीय. असा काखेत काटा धरून गेले, तान्ह्या मुलासारखा. खुशीत होते. असं काही अंजीर सापडलं की खुशीत असायचे.

आणि मग कारकुनाचा फोन. जायच्या आधी मी काय केलं असेल? पाचही कप विसळून ठेवले. तीन नंबरसुद्धा. का, ते विचारू नका.

मुलाला तो कागद दिवसकार्याच्या गडबडीत सापडला. वाचून रडला. मग म्हणाला, आई, बाबांनी शेवटी निवडलेली कॉफी आपण दरवर्षी आणायची, वही काढ, तीन नंबर कुठला मळा? मी म्हटलं, वही सापडत नाही. वही गल्ल्यात आहे, पान कोरं आहे. आठ महिने मी वही शोधतेय. परवा तो म्हणाला, मग मी मळेवाल्यालाच विचारतो, पुड्यांवर काहीतरी खूण असेलच. पुड्या अजून मागच्या फळीवर आहेत, पाचही बंद. उद्या सकाळी तो येणार, आणि उद्याच मळेवाल्याला कळवायचं की कुठली पोती पाठव. कुठलीही एक उचलून ‘ही’ म्हटलं तर कोणाला कळणार आहे? माझ्या बहिणीनेही हेच सुचवलं, म्हणजे तिला अर्धंच सांगितलंय मी. पण मग पाकिटावर ह्यांच्या नावाने छापून ती विकायची, आणि लोक येऊन म्हणणार, अंजीर जाणवतं हो. ते मला ऐकवणार नाही.

तुम्हाला काय वाटतं, त्यांना कळलं असेल? — मलाही कधीकधी वाटतं. बावीस वर्षं रोज प्यायलेली कॉफी ओळखली नसेल? ओळखून मुद्दाम लिहिलं असेल, दोरखंड वगैरे, मला चिडवायला? पण ते खुशीत गेले, आणि मला चकवल्यावर ते खुशीत गप्प बसणारे नव्हते, दारातच सांगून टाकलं असतं. मग खरंच लागलं असेल अंजीर. तिसऱ्या कपाला थोडं निवलं असेल पाणी, तेवढ्यानेही फरक पडतो म्हणायचे. मी मात्र तेव्हा त्यांना पकडलं म्हणून नाचत होते मनात.

सासऱ्यांना या मोठ्या बरणीतली न्या. दळून देते, जरा जाडच. आणि हो, तुम्हाला तीन नंबरच हवी होती ना, तर हीच ती, उगीच समाधान म्हणून सांगत नाहीये. लेबल नाही लावत. — मुलाला? सांगीन ना. उद्या तो चप्पल काढायच्या आधीच सांगीन. चिडेल, खोकं उचलून बाहेर नेईल, दोन दिवस बोलणार नाही. ते चालेल. घ्या पुडी, वरून दुमडलीय, सांडू नका. आणि दार लोटून जा, वास उडतो. — काय म्हणालात? — नाही हो. ते परत आल्यावर वही दाखवून सांगणार होते. ह्यांना सांगायचं राहिलं.